सोळा सह्या

(विज्ञान महाविद्यालयांतल्या प्राध्यापिका, विद्यार्थिनी आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



‘स्त्रिया आणि विज्ञान’ असा विषय दिला की वक्ता बहुधा मादाम क्यूरीपासून सुरुवात करतो. दोन नोबेल पारितोषिकं सांगून झाली की टाळ्या पडतात आणि सगळ्याजणी ‘आपल्याच्यानं काही एवढं व्हायचं नाही’ असं मनात म्हणत घरी जातात. म्हणून क्यूरीबाईंना आज मी सुट्टी दिली आहे. मी तुम्हाला पन्नाशीला टेकलेल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. रात्री सगळे घरी गेले की ही बाई हातात टेप घेऊन आपल्या इमारतीतल्या प्रयोगशाळांमधून हिंडायची, जमिनीवर गुडघे टेकून खोल्यांची लांबी-रुंदी मोजायची आणि लिहून ठेवायची.

बाईंचं नाव नॅन्सी हॉपकिन्स. जीवशास्त्राच्या प्राध्यापिका. संस्था म्हणजे अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जिला सगळे एमआयटी म्हणतात. (आपल्या पुण्यातली नव्हे, ती वेगळी.) तिथल्या विज्ञान शाखेत सहा विभाग आहेत. जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, मेंदूचा अभ्यास करणारा एक आणि पृथ्वी-वातावरण-ग्रह यांचा अभ्यास करणारा एक. तिथं नोकरी लागली की माणूस पोचला, असं सगळं जग समजतं. हॉपकिन्सबाई तिथं १९७३ साली लागल्या. कॅन्सरशी संबंधित विषाणूंवर त्यांचं काम होतं, नाव झालं होतं, नेमणूक कायम झाली होती. म्हणजे आपण मुलींना जे जे सांगतो ना, शिक, नोकरी कर, कुणावर अवलंबून राहू नकोस, ते सगळं करून बसलेली ही बाई.

मग टेप कशासाठी? तर माशांसाठी. १९९० च्या आसपास त्यांनी कामाचा विषय बदलला आणि झेब्राफिश हा मासा हाती घेतला. बोटाच्या पेराएवढा, अंगावर पट्टे असलेला. मूळचा आपल्याच भागातला, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नाल्यांतला. त्याचं अंडं पारदर्शक असतं, त्यामुळे जीव कसा घडत जातो ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. पण माशांना टाक्या लागतात आणि टाक्यांना जागा. बाईंनी २०० चौरस फूट जास्तीची जागा मागितली. दहा बाय वीसची एक खोली, बास. ती मिळेना. तुम्हाला इतरांइतकीच जागा आहे, असं उत्तर आलं. आता वैज्ञानिक बाई, ती काय करणार? मोजणार! मोजल्यावर दिसलं की त्यांच्याकडे दीड हजार चौरस फूट आहे, त्यांच्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांकडे सरासरी तीन हजार आहे, आणि कालपरवा लागलेल्या मुलांकडेही त्यांच्याहून जास्त आहे.

लगेच काही न्याय मिळाला असं समजू नका. ते आकडे घेऊनही काही हललं नाही. त्याच सुमारास, त्यांनी मेहनतीनं उभा केलेला पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यासक्रम होता, त्यातूनही त्यांना बाजूला काढलं गेलं. तेव्हा मात्र बाई बसल्या आणि संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहायला घेतलं.

इथं मला जरा थांबायचं आहे. १९७३ ते १९९४ म्हणजे एकवीस वर्षं. एवढ्या हुशार बाईला कळायला एकवीस वर्षं का लागली? हॉपकिन्सबाईंनी स्वतःच हे नंतर अनेकदा सांगितलं आहे. १९६४ साली अमेरिकेत भेदभावाविरुद्ध कायदा झाला, आता प्रश्न मिटला असं त्यांना वाटत होतं. त्या स्वतःला स्त्रीवादी वगैरे म्हणवत नव्हत्या. विज्ञानात फक्त गुण बघतात, ही श्रद्धा. त्यामुळे दर वेळी काही डावललं गेलं की त्याचं वेगळं कारण सापडायचं. अमुक माणूस तसाच आहे. मलाच भांडता येत नाही. माझंच काम कमी पडत असेल. एकेक प्रसंग सुटा सुटा घेतला तर प्रत्येकाला कारण असतंच. आपल्याकडे केंद्रावर येणारी बाई पहिल्या दिवशी काय सांगते? ‘त्यांचा स्वभाव तापट आहे.’ दुसऱ्या दिवशी? ‘माझंच चुकलं असेल.’ हे वाक्य एमआयटीच्या प्रयोगशाळेतही तेच होतं, फक्त इंग्रजीत होतं.

आणि दुसरी भीती याहून मोठी. तक्रार करणारी बाई म्हणजे जिला विज्ञान जमत नाही ती, असा समज होता. म्हणून कुणी बोलायचंच नाही.

तर त्या पत्राचा मसुदा हॉपकिन्सबाईंनी विभागातल्या एका सहकारी बाईंना वाचायला दिला. मेरी-लू पार्ड्यू, गुणसूत्रांच्या अभ्यासातलं मोठं नाव. जेवणाच्या सुट्टीत दोघी बसल्या. हॉपकिन्सबाईंच्या पोटात गोळा, की ही आता आपल्याला काय म्हणेल. पार्ड्यूबाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, मलाही यावर सही करायची आहे. इतकी वर्षं एकाच विभागात, पण हे बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

मग दोघींना वाटलं, आणखी कुणाला असं वाटत असेल का? त्यांनी संस्थेची यादी काढली आणि विज्ञान शाखेतल्या कायम नेमणुकीच्या बायका मोजायला बसल्या. मोजून झाल्यावर त्यांना वाटलं, आपली पानं सुटली असतील. नव्हती सुटली. सहा विभाग मिळून १५ बायका होत्या. पुरुष १९४. या १५ आणि विज्ञानाशी जोडलेल्या अभियांत्रिकीतल्या दोघी, अशा १७ जणींकडे या दोघी एकेक करून गेल्या. घाबरत, दार लावून घेऊन. १७ पैकी १६ जणींनी सही केली. काहींनी तर बोलणं पुरं व्हायच्या आधी.

ज्या एकीनं सही केली नाही तिच्याबद्दल मला काही माहीत नाही आणि वाईट बोलायचंही नाही. प्रत्येक मोर्च्यात अशी एक घरी राहिलेली असते. तिची कारणं तिला ठाऊक. मला नवल वाटतं ते सोळांचं. युनियन नाही, बॅनर नाही, घोषणा नाही, आणि एरवी जेवणाच्या टेबलावरही एकत्र न बसणाऱ्या सोळा बायका!

१९९४ च्या उन्हाळ्यात या बायका विज्ञान शाखेच्या डीनना भेटल्या. डीन होते रॉबर्ट बर्जेनो, भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे अशा तक्रारी आधी एकेकट्या आल्या होत्या आणि त्यांनी त्या एकेकट्याच समजून घेतल्या होत्या. आता एकीमागून एक बोलू लागली तेव्हा त्यांना तो नमुना दिसला. त्यांनी आपल्या परीनं आकडे तपासले आणि बायकांच्या बाजूनं उभे राहिले. पुढं समिती नेमायला सगळे विभागप्रमुख एका पायावर तयार होते असं नाही, बरीच कुरकुर झाली. पण १९९५ मध्ये समितीचं काम सुरू झालं. हॉपकिन्सबाई तिच्या अध्यक्ष. पगार, जागा, संशोधनाला संस्थेकडून मिळणारा पैसा, शिकवण्याचा भार, कोणत्या समितीवर कोण, पुरस्कारासाठी नाव कुणाचं पाठवलं, बाहेरून दुसऱ्या संस्थेचं बोलावणं आलं तर थांबवून ठेवण्यासाठी कुणाला काय देऊ केलं, असं सगळं बघितलं. १९९६ मध्ये अहवाल डीनकडे गेला. तो गोपनीय होता. त्याचा सर्वांना वाचता येईल असा भाग मार्च १९९९ मध्ये एमआयटीच्या अध्यापकांच्या वार्तापत्रात छापला गेला.

त्या अहवालातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असली तर ही ठेवा. तरुण प्राध्यापिकांना विचारलं तर त्या म्हणत होत्या, आम्हाला काही त्रास नाही. विभाग सांभाळून घेतो. बाई म्हणून भेदभाव? छे, ते आधीच्या पिढीचं. नोकरी आणि मुलंबाळं यांची कसरत कशी जमणार, एवढीच त्यांची काळजी. ज्येष्ठ बायका मात्र सांगत होत्या की आम्ही कडेला ढकललो गेलो आहोत. महत्त्वाचे निर्णय होतात तिथं आम्ही नसतो. आणि मग अहवालात पुढचं वाक्य येतं, त्याचा आशय असा: या ज्येष्ठ बायकाही तरुण असताना असंच म्हणत होत्या. त्यांनाही वाटलं होतं की प्रश्न आपल्या आधीच्या पिढीबरोबर संपला. भेद दिसायला लागतो तो बाई वर चढू लागते तेव्हा, वाटा मागू लागते तेव्हा.

आज इथं मागच्या रांगेत एमएस्सीच्या मुली बसल्या आहेत. त्यांच्यापैकी निम्म्या मनात म्हणत असतील, मावशी, आता तसं काही राहिलं नाही. मी त्यांना खोटं ठरवत नाही. त्यांचा अनुभव खराच आहे, त्यांच्या वयाचा आहे. मीही तेच म्हणायचे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. विज्ञान शाखेत एकूण अध्यापकांमध्ये बायकांचं प्रमाण होतं शेकडा ८. आणि हे प्रमाण किमान दहा वर्षं, बहुधा वीस वर्षं जागचं हललं नव्हतं. आता नेहमीचं उत्तर काय असतं? मुलीच शिकायला येत नाहीत, त्या आल्या की आपोआप वर दिसतील. पण मुली येऊन दाखल झाल्या होत्या! १९९४ साली तिथल्या काही विभागांत पदवीच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त होत्या. वर्गात मुली, फळ्यापाशी पुरुष, हे चित्र आपल्या बीएस्सीच्या वर्गांनाही नवं नाही.

हॉपकिन्सबाईंनी पुढं २००६ साली या आकड्यांचा वर्षवार आलेख काढला. त्यात चढ फक्त दोन दिसतात. पहिला १९७२ ते १९७६ च्या दरम्यान. त्या काळात अमेरिकन सरकारनं नियम केला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी स्त्रियांना नेमण्याची योजना दाखवलीच पाहिजे. हॉपकिन्सबाई स्वतः त्याच लाटेत आत आल्या होत्या, त्यांना ते तेव्हा ठाऊकही नव्हतं. त्यानंतर रेघ सपाट. दुसरा चढ १९९६ ते २०००, म्हणजे अहवालानंतर डीननी मनावर घेऊन नेमणुका केल्या तो. २००० साली बर्जेनो टोरांटो विद्यापीठाचे अध्यक्ष होऊन गेले आणि रेघ पुन्हा काही वर्षं सपाट. आलेखात आपोआप चढलेला एकही तुकडा नाही.

आता जरा मागं जाते, कारण त्याशिवाय या सपाट रेघेचा अर्थ लागत नाही. एमआयटीत पहिली विद्यार्थिनी आली १८७० च्या शेवटी. एलेन स्वॉलो, नंतरच्या एलेन स्वॉलो रिचर्ड्स, पाण्याच्या शुद्धतेवर पुढं मोठं काम केलेल्या. त्यांना ‘खास विद्यार्थिनी’ म्हणून घेतलं आणि फी माफ केली. त्यांना वाटलं, आपली गरिबी बघून. बऱ्याच काळानं कळलं की फी अशासाठी घेतली नव्हती की उद्या कुणी विश्वस्तांनी आरडाओरडा केला तर अध्यक्षांना सांगता यावं, ही आमची विद्यार्थिनीच नाही! हे आधी कळलं असतं तर मी आलेच नसते, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि आत टिकून राहण्यासाठी ही बाई प्रयोगशाळा झाडायची, प्राध्यापकांचे कपडे शिवून द्यायची. आपल्यापासून कुणाला भीती वाटू नये म्हणून. तिच्या पत्रांत तिनंच लिहून ठेवलं आहे.

आणि ही फार दूरची गोष्ट आहे असं वाटत असेल तर १९३३ साली बंगलोरला चला. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिली आलेली कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची बहीण, पुढं आपण त्यांना कमलाबाई सोहोनी म्हणून ओळखतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी अर्ज केला. वडील आणि काका, दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. त्यांनी सांगितलं, मुलींना घेत नाही. कमलाबाई हटून बसल्या, कारण दाखवा म्हणाल्या. गांधींच्या सत्याग्रहाचे दिवस ते. शेवटी घेतलं, पण अटी घालून. एक वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. कामाचा दर्जा बघू, मग ठरवू. आणि तुझ्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं, दार उघडलं आणि मागून इतर मुलीही आत आल्या. कमलाबाई केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. त्यांनी तिथं दाखवून दिलं की श्वसनाच्या क्रियेतलं ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं. इकडं परत येऊन नीरा, डाळी, कडधान्यं यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद मात्र त्यांना हक्काच्या वेळी मिळालं नाही, उशिरा मिळालं. रामन यांनी आपला अपमान केला होता हे त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या, आणि जाहीर व्यासपीठावर त्यांनी ते सांगितलं. मला त्यांचं हे फार आवडतं. ‘जाऊ द्या, शेवटी घेतलं ना’ असं त्या म्हणाल्या नाहीत.

१८७० ची एलेन आणि १९३३ ची कमला. दोघींनाही आत घेतलं, पण मोजलं नाही. यादीत धरायचं नाही, पण काम करू द्यायचं. म्हणून १९९४ मध्ये दोन बायका यादी काढून बसल्या आणि त्यांनी १, २, ३ असं मोजलं, याचं मला एवढं कौतुक वाटतं.

१९९९ मध्ये पुढं जे झालं ते मी भराभर सांगते. अहवालाबरोबर एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी स्वतःच्या नावानं एक टिपण जोडलं. आशय असा, की विद्यापीठांतला स्त्री-पुरुष भेद हा थोडा वास्तव आणि थोडा समजुतीचा भाग असतो असं मला वाटायचं, आता कळलं की त्यात वास्तवाचाच भाग कितीतरी मोठा आहे. एवढ्या मोठ्या संस्थेच्या प्रमुखानं ‘हो, आमच्याकडे हे होतं’ असं लिहून देणं ही बातमी होती. ‘बोस्टन ग्लोब’ने ती पहिल्या पानावर छापली, दोन दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही. ‘ग्लोब’ची ती बातमी देणारी केट झर्निके हिनं २०२३ मध्ये या सोळाजणींवर पूर्ण पुस्तक लिहिलं. बातमीनंतर देशभरातल्या बायकांची पत्रं आणि ई-मेल हॉपकिन्सबाईंकडे येऊ लागली. सगळ्यांचा सूर एकच, हे तर आमच्याच विभागाचं वर्णन आहे. पगार दुरुस्त झाले, आणि निवृत्त झालेल्या काही बायकांची निवृत्तीची रक्कमही वाढवून दिली गेली. हॉपकिन्सबाईंच्या माशांना जागा मिळाली. त्या माशांनी काय दिलं म्हणाल, तर जीव घडण्यासाठी अत्यावश्यक असलेली तीनशेहून जास्त जनुकं त्यांच्या प्रयोगशाळेनं शोधून काढली. ती दहा बाय वीसची खोली कुणी अडवली होती, ते सोडा. किती वर्षं अडली, ते बघा.

टीका झाली नाही असं नाही. आणि ती मी लपवणार नाही, कारण उद्या तुमच्यावरही तीच होणार आहे. टीकाकार म्हणाले, जिची तक्रार तीच समितीची अध्यक्ष, हा कसला न्याय? आणि पगाराचे, जागेचे मूळ आकडे जाहीर का करत नाही? यातल्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे असं माझं मत आहे. पंधरा-सोळा बायकांच्या गटात पगाराचा आकडा छापला की कुणाचा ते लगेच कळतं, हे खरं. तरी झाकलेला आकडा समोरच्याला शंका घ्यायला जागा देतो. आपण करू तेव्हा सुरुवातीलाच ठरवून घ्यावं, काय उघड मांडायचं आणि काय नाही.

२००५ च्या जानेवारीत हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॉरेन्स समर्स एका परिषदेत म्हणाले की विज्ञानात वरच्या जागांवर बायका कमी असण्यामागं उपजत क्षमतेतला फरक हेही एक कारण असू शकेल. हॉपकिन्सबाई उठून बाहेर गेल्या. किती टिंगल झाली त्यांची! वैज्ञानिक असून विचार ऐकून घेता येत नाही, भोवळ येते का, वगैरे. अकरा वर्षं आकडे गोळा केलेल्या बाईला हे ऐकवायचं.

आणि २०११ मध्ये एमआयटीनं पुन्हा अहवाल काढला. १९९९ च्या तुलनेत विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या प्राध्यापिकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती. बायका बऱ्याच समाधानी होत्या. पण नवे काटे निघाले. आता प्रत्येक समितीवर एक तरी बाई हवी असा नियम झाला, आणि बायका मुळात थोड्या, त्यामुळे त्याच त्या बायका बैठकांत दिवस घालवायच्या आणि संशोधन रात्री. नवी बाई लागली की कुजबुज, हिला बाई म्हणून घेतली. शिवाय विद्यार्थिनींसाठी चर्चा ठेवली की प्रश्न ठरलेला, घर आणि काम कसं सांभाळता? पुरुष प्राध्यापकाला हे कुणी विचारत नाही, आणि तरुण मुलींच्या मनात पक्कं होतं की मूल हा फक्त बाईचा प्रश्न आहे.

एक बातमी मात्र मला तुम्हाला सांगायलाच हवी. १९९४ मध्ये या बायका डीनच्या खोलीत गेल्या तेव्हा त्याच संस्थेत, भौतिकशास्त्र विभागात, कराचीत वाढलेली एक पारशी मुलगी पीएच.डी. करत होती. नर्गिस मावलवाला. गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या प्रयोगात पुढं तिचा मोठा वाटा राहिला. २००२ मध्ये ती तिथं प्राध्यापिका झाली आणि २०२० मध्ये विज्ञान शाखेची डीन. बर्जेनोंची ती खुर्ची. तिच्यावर बसलेली ती पहिली बाई.

आता तुमच्यातल्या काहीजणी कधीपासून चुळबुळ करताहेत ते मला दिसतंय. या सगळ्या लठ्ठ पगाराच्या, गोऱ्या, कायम नोकरीच्या बायका. त्यांची प्रयोगशाळा लहान की मोठी याच्याशी आमच्या अंगणवाडीताईला काय? त्या इमारती झाडणाऱ्या बायकांचा पगार कुणी मोजला? प्रश्न रास्त आहे. त्या अहवालात त्या बायका नाहीत. तो अध्यापकांपुरता होता आणि तेवढाच राहिला. मी त्याला आपला जाहीरनामा म्हणत नाही. मी तुमच्यापुढं ठेवते आहे ती पद्धत. आपल्याला अत्याचार ओळखता येतो, त्यासाठी मोर्चा काढता येतो. पण जिथं कुणी हात उगारत नाही, शिवी देत नाही, सगळे ‘मॅडम, मॅडम’ म्हणतात, आणि तरी बाई कडेला जाते, तिथं काय दाखवायचं? २०१३ च्या कायद्यानं कॉलेजात लैंगिक छळाविरुद्ध समिती असते, निदान कागदावर असते. खरेदी समितीवर बाई का नाही, हे त्या समितीकडे नेता येत नाही.

खरेदी समिती म्हणाले कारण तो माझा स्वतःचा अनुभव आहे. जिल्ह्याच्या एका गावी मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या विभागात आम्ही बायकाच जास्त होतो. नॅकची समिती येणार म्हटलं की नोटीस निघायची, त्यात स्वागत समिती म्हणजे आम्ही. रांगोळी, औक्षण, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचं जेवण. उपकरणं आणि रसायनं कुठली घ्यायची, कुणाकडून घ्यायची, ते ठरवणाऱ्या समितीवर माझ्या नोकरीच्या काळात आमच्यापैकी एकही नव्हती. रसायनांच्या स्टोअरची किल्ली असायची सरांकडे. प्रॅक्टिकल आम्ही घ्यायचो आणि सिल्व्हर नायट्रेट संपलं की सरांच्या दारात उभ्या राहायचो. आणि मला याचं काही वाटत नव्हतं! उलट आमची रांगोळी बघून प्राचार्य खूश झाले की बरं वाटायचं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी जुनी नोटीस बुकं रद्दीत जायची होती, ती चाळताना हे एका ओळीत दिसलं. एलेन स्वॉलोनं प्राध्यापकांचे कपडे शिवले हे मी वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

डॉ. रोहिणी गोडबोले २०२४ मध्ये आपल्यातून गेल्या. पुण्याच्या, कणभौतिकीतल्या मोठ्या शास्त्रज्ञ. त्यांनी रामकृष्ण रामस्वामी यांच्याबरोबर २००८ मध्ये ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचं पुस्तक संपादित केलं. ते तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नसेल तर मागवायला लावा. त्यात एकापाठोपाठ एक वाचत गेलं की पार्ड्यूबाईंसारखं होतं. अरे, हिलाही?

तर मी एक कागद करून आणला आहे, तो आता रांगांमधून फिरतोय. त्यावर उपदेश नाही, रकाने आहेत. तुमच्या विभागात किती जणं, त्यात बायका किती. कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती, हा रकाना मी मुद्दाम वर घेतला आहे, कारण आज कॉलेजात खरी दरी तिथं आहे. पीएच.डी.चे मार्गदर्शक कोण, कुणाकडे किती विद्यार्थी. प्रयोगशाळेची, स्टोअरची किल्ली कुणाकडे. खरेदी समिती, प्रवेश समिती, स्वागत समिती, यांवर कोण कोण. बाहेरगावच्या परिषदेला पैसे देऊन कुणाला पाठवलं. प्रयोगशाळा परिचर आणि सफाई करणाऱ्या बायकांसाठी वेगळा भाग आहे, त्यांचा पगार कंत्राटदाराकडून हातात किती येतो, तो त्यांनाच विचारून भरायचा आहे. आणि बायकांचं स्वच्छतागृह कितव्या मजल्यावर आहे, तेही लिहा. हसू नका, लिहाच. एका कॉलेजात मी बघितलं, तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृह तळमजल्यावर. प्रॅक्टिकल चार तासांचं.

मागच्या रांगेतल्या मुलींनी वसतिगृहाचं भरावं. ग्रंथालय रात्री कितीपर्यंत उघडं असतं, मुलींना कितीपर्यंत बसू देतात आणि मुलांना कितीपर्यंत. प्रयोगाला रात्र लागली तर परवानगी कोण देतं.

कागदावर नाव घालू नका, कॉलेजचंही नको. दुपारच्या सत्रात सगळे कागद एकत्र मांडू आणि फळ्यावर बेरीज करू. टेप माझ्या पिशवीत आहे, ज्यांना हा हॉलसुद्धा मोजायचा असेल त्यांनी मागून घ्या. आता चहा आला आहे.